सहीच्या मागची बाजू : इंदूरच्या प्रकल्प नोंदी

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

आबांची वही आज घरी आणली. आबा म्हणजे रामबागेतले आमचे शेजारी, वय ८६. जानेवारीत वाचनालयात ‘इंदुरात घेतलेल्या सह्या’ असं छोटं प्रदर्शन मांडायचं ठरलंय. अर्धी मांडणी या वहीची, अर्धी आम्ही आता गोळा करू त्याची. अट समितीनं एकमतानं मान्य केली (असं फार क्वचित होतं): सही समोरासमोर घेतलेली हवी आणि इंदुरातच घेतलेली हवी. पोस्टानं मागवलेली, विकत आणलेली, साडूच्या ओळखीनं मिळालेली चालणार नाही.

वही जुन्या पद्धतीची. गुलाबी, पिवळी, फिकट निळी पानं, कापडी पुठ्ठा, शिवण सुटत आलेली. सह्या भरपूर, तारखा जवळजवळ नाहीत. आबा म्हणतात, “तारीख कशाला? मला सगळं आठवतं की!” आठवतं खरं, पण दर वेळी थोडं वेगळं आठवतं.

१७ सप्टेंबर

एका फिकट हिरव्या पानावर अडकले. निळी-काळी शाई, एकाखाली एक इंग्रजी सह्या, म्हणजे संघाचं पान. आबांचं ठाम मत, “हा होळकर संघ.” म्हणजे इंदूरचा तेव्हाचा रणजी क्रिकेट संघ. तो असता तर त्यांच्या मुश्ताक अलींची सही हवी. ती वहीत दुसरीकडे आहे, या पानावर नाही. भिंग घेतलं, पान खिडकीशी तिरपं धरलं. तिरप्या उजेडात निबेचा दाब दिसतो, शाई उडाली असली तरी. तिसऱ्या ओळीवर नाव लागलं: अलगनन.

पुढचं मग भराभर उलगडलं. बालू अलगनन १९५४-५५च्या रणजी हंगामात मद्रासचे कर्णधार होते. त्या वर्षीचा अंतिम सामना इथेच, इंदुरात झाला आणि मद्रासनं होळकरांना हरवून पहिल्यांदा रणजी करंडक नेला. म्हणजे पान पाहुण्यांचं, १९५५ सालचं.

होळकरांनी त्याआधी चार वेळा रणजी जिंकली होती: १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३. हे चारही विजय आबांना तोंडपाठ. विसरला तो नेमका हा पराभव. नाव ऐकल्यावर मात्र म्हणाले, “हो हो, मी शाळा बुडवून गेलो होतो. हरल्यावर आपल्याकडच्यांच्या सह्या मागायला जीव होईना, म्हणून त्यांच्या घेतल्या.” ही गोष्ट सहीइतकीच मोलाची आहे आणि ती पानावर कुठेच नाही.

तेव्हा प्रकल्पाचा नियम असा: प्रत्येक सहीच्या मागे शिसपेन्सिलीनं तारीख, जागा, त्या दिवशी काय झालं, कोणी मागितली आणि काय बोलणं झालं ते लिहायचं. शिसपेन्सिलच, कारण तिचा लेख उजेडानं उडत नाही आणि पुढच्या बाजूला झिरपतही नाही. दाबून लिहायचं नाही, नाहीतर वळ पुढे उमटतात.

२१ सप्टेंबर, रविवार

उद्यापासून नवरात्र, म्हणून आज खजूरी बाजार उरकला. आणलं ते असं: काळे बॉलपेन, निळे बॉलपेन, बारीक टोकाचे सीडी मार्कर, पिगमेंट शाईचं एक महागडं पेन, जाड ड्रॉइंग कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे आणि परीक्षेला नेतात तसला पॅड. पॅड सगळ्यात महत्त्वाचा. उभ्या माणसासमोर नुसता कागद धरला की तो तळहातावर सही करतो आणि अक्षराचा विचका होतो.

घरी तासभर प्रयोग केले. जेल पेन गुळगुळीत फोटोवर वाळतच नाही, बोट लागलं की शेपूट. मार्कर फोटोवर छान बसतो, साध्या कागदावर मात्र पसरतो आणि मागे उतरतो. भाचीच्या छोट्या बॅटवर मार्कर लाकडाच्या रेषांतून पळाला. बॅटवर आधी पॉलिश नसेल तर असं होणारच. नव्या चेंडूवर बॉलपेन घसरतं. निष्कर्ष: जाड कागद, पॅड आणि काळं बॉलपेन किंवा पिगमेंट पेन. बाकी हौस.

एटीएमच्या पावतीवर मार्करनं रेघ ओढली तर कागदच काळवंडला. उष्णतेनं छापणाऱ्या कागदाचं हे असंच असतं, मार्करमधलं द्रावण त्याला सोसत नाही. आजकालची बरीच तिकिटं त्याच कागदावर निघतात, त्यामुळे तिकिटावर सही ही कल्पना बाद. लॅमिनेशन तर त्याहून वाईट. तापलेल्या रुळांतून असलं तिकीट काढलं की हातात काळा तुकडा येतो.

१ ऑक्टोबर, बुधवार

महिला विश्वचषक, होळकर स्टेडियम, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड. या स्पर्धेत तिकिटं शंभर रुपयांपासून ठेवलीयत, म्हणून भाची, तिच्या अकादमीतल्या दोघी आणि मी अशी फौज गेली. रेसकोर्स रोडवर तीनलाच गर्दी. गेटवर पेनं पाहून तपासणारी बाई म्हणाली, “मैडम, इत्ते पेन किसलिए?” भाचीनं पाठीवरच्या पिशवीतून स्कोअरबुक काढून दाखवलं. “ये लिखेगी, भिया!” असं मागच्याला सांगून बाईनं आत सोडलं.

स्कोअरबुक ही भाचीची कल्पना, आणि माझ्या सगळ्या खरेदीपेक्षा ती सरस निघाली. ती घरीही टीव्हीसमोर बसून चेंडूचेंडूचा हिशेब मांडते. आज अ‍ॅशली गार्डनरच्या ११५ धावा तिच्या रकान्यात आहेत, न्यूझीलंडच्या सोफी डिव्हाइनच्या ११२ सुद्धा. ऑस्ट्रेलिया ८९ धावांनी जिंकली.

सामन्यानंतर काही जणी कुंपणाकडे आल्या. टोप्या, फोन, बॅटा यांचं जंगल उठलं. त्यात भाचीनं पॅडवर लावलेलं स्कोअरशीट पुढे केलं. एक खेळाडू थांबली. आधी तिनं स्वतःची ओळ शोधली, बोट ठेवून चेंडू मोजले, मग एका वाइडबद्दल खुणेनंच विचारलं की हा माझ्या नावावर का? भाची ठाम राहिली. मग हसून सही केली, नेमकी त्याच ओळीच्या शेजारी.

सही करणाऱ्यांची नावं या नोंदींत लिहिणार नाही, ती प्रदर्शनात दिसतील. कोण कुठे थांबतं, कधी बाहेर येतं हे छापलं की दुसऱ्या दिवशी तिथे विकणाऱ्यांची रांग लागते.

६ ऑक्टोबर, सोमवार

न्यूझीलंड-दक्षिण आफ्रिका. मी गेले नाही, आज कोजागिरी. भाची गेली आणि रिकाम्या हातानं परतली, कारण आफ्रिकेनं सामना लवकर आटोपला आणि दोन्ही संघ लगेच निघाले. ताझमिन ब्रिट्सच्या शतकाची ओळ मात्र शीटवर आहे.

दूध आटेपर्यंत आबांनी गांधीजींची गोष्ट सांगितली. गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून १९१८मध्ये आणि पुन्हा १९३५मध्ये इंदूरला आले होते. दुसऱ्या वेळी आबांचे वडील सही मागायला गेले. गांधीजी हरिजन फंडासाठी सहीचे पाच रुपये घेत. कारकुनी पगारातले पाच रुपये! वडील दर्शन घेऊन परतले. “घरी आजीनं विचारलं, सही कुठाय? तर म्हणाले, महाग होती.” हे वाक्य मांडणीत लावायचं का यावर समितीत मतभेद होणार, दिसतंयच.

१९ ऑक्टोबर, रविवार

दोन दिवसांची नोंद एकत्र.

काल अकादमीच्या मुलींना भारताचा सराव पाहायला आत सोडलं होतं. नेट संपल्यावर एक खेळाडू मुलींशी बोलत बसली. कोणाची पकड चुकते, कोण बॅट उशिरा खाली आणते, असं. भाचीनं सही मागितली ती शेवटी, सगळ्या जणी उठल्यावर, आणि सोबत “तारीख पण घाला ना ताई” असं म्हटलं. ताईंनी घातली: १८-१०-२५. सहीवाल्याच्या हातची तारीख म्हणजे निम्मी नोंद झालीच. मागितली तर बहुतेक जण घालतात, पण मागतं कोण?

आज सामना. इंग्लंडची हेदर नाइट १०९. आपण २८९चा पाठलाग करताना स्मृती मानधना ८८, हरमनप्रीत ७०, दीप्ती ५०, आणि तरीही ४ धावांनी हरलो. स्टेडियममध्ये इतकी माणसं इतकी गप्प मी पाहिली नव्हती. कुंपणाकडे कोणी गेलं नाही. आम्हीही नाही. हरलेल्या संघाकडे पेन पुढे करायचं नाही, हा आबांचा १९५५चा नियम आमच्याही यादीत चढवला.

घरी येऊन पणत्या धुवायच्या राहिल्यात.

२५ ऑक्टोबर, शनिवार

ऑस्ट्रेलिया-दक्षिण आफ्रिका. अलाना किंग १८ धावांत ७ बळी, महिला विश्वचषकातली आजवरची सर्वोत्तम गोलंदाजी. आफ्रिका ९७त गारद. बंदोबस्त कडक, कुंपणाजवळ फिरकायला जागा नाही, सही नाही. भाची हिरमुसली, पण तिच्या शीटवर किंगच्या षटकांचे रकाने असे भरलेत की ते पान मी सहीशिवायच मांडणार आहे. बसू दे समितीला वाद घालत.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल नवी मुंबईत भारतानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. विश्वविजेत्या! राजवाड्यावर रात्री उशिरापर्यंत ढोल.

सकाळी ओळखीतल्या एकाचा फोन: “ती अठरा तारखेची सही देता का? चांगले पैसे देतो.” नाही म्हटलं. मग म्हणाला, “निदान तारखेचा भाग दुमडून फ्रेम करा, फायनलनंतरची वाटेल.” त्याच्या धंद्याचं गणित मला समजतं, पण त्या कागदात जे आहे ते तारखेतच आहे. ती सही विश्वविजेतीची नाहीच. इंग्लंडकडून चार धावांनी हरायच्या आदल्या दिवशी, पोरींच्या पकडी दुरुस्त करत बसलेल्या खेळाडूची आहे. मागे लिहिलेली नोंद आज पुन्हा वाचली आणि खाली एक ओळ जोडली: ‘पंधरा दिवसांनी करंडक जिंकला.’ एवढंच.

१६ नोव्हेंबर, रविवार

नाटकवाल्यांच्या सह्या. हा प्रांत माझा.

इंदुरात सानंद या संस्थेमुळे पुण्या-मुंबईची नाटकं नियमित येतात, खंडवा रोडच्या विद्यापीठ सभागृहात. सभासदांचे पाच गट आहेत (रामूभैया दाते, राहुल बारपुते, मामा मुजुमदार, वसंत, बहार), म्हणून एका नाटकाचे शनिवार-रविवार मिळून पाच प्रयोग. सही मागणाऱ्यानं हे वेळापत्रक पंचांगासारखं वाचावं. शनिवारी संच प्रवासानं शिणलेला, नेपथ्य नुकतं उभं राहिलेलं, दिव्यांची जुळवाजुळव चाललेली. रविवारी रात्रीच्या प्रयोगानंतर फळ्या उतरवायची आणि गाडी गाठायची घाई. उरला रविवार सकाळचा प्रयोग. तो संपला की दुपारच्या प्रयोगापर्यंत मंडळी तिथेच असतात, जेवण व्हायचं असतं, पण कुठे पळायचं नसतं.

मध्यंतरात रंगपटात शिरू नये. कितीही ओळख असली तरी. नट अर्धा भूमिकेत असतो, आणि त्या वेळी तो जी सही करतो ती कोणाची हे त्यालाही सांगता येणार नाही. प्रयोगानंतरही लगेच नाही. मेकअप उतरू द्यावा. मराठी नाटकाची एक चाल अजून टिकून आहे, लोक आत जाऊन “छान झालं” म्हणून येतात आणि कलाकारही उभे राहून ऐकतात. त्या ओघात सही सहज मिळते.

आज एका ज्येष्ठ अभिनेत्रीला पॅड दिला. त्यांनी विचारलं, “काय लिहू?” ‘शुभेच्छा’ लिहायला निघाल्या होत्या. म्हटलं, आज दुसऱ्या अंकात कपाचा कान तुटला तेव्हा तुम्ही जे वाक्य घातलंत ते लिहा. क्षणभर पाहत राहिल्या, मग खदखदून हसल्या. “कळलं होय तुम्हाला?” वाक्य लिहिलं, खाली सही, तारीख, ‘इंदूर, सकाळचा प्रयोग’. ते वाक्य संहितेत नाही, पुन्हा कधी बोललंही जाणार नाही. ‘शुभेच्छा’ लिहिलेल्या सह्या तर ढिगानं मिळतात.

सेल्फीवाल्यांबद्दल लोक उगाच नाकं मुरडतात. मला त्यांचा फायदाच होतो. ते भराभर उरकतात, आणि सगळे गेल्यावर कागद घेऊन उभ्या राहिलेल्या बाईसाठी कलाकार खुर्ची ओढून बसतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ख्यालाची बैठक. गायकाकडे मैफिलीआधी जाऊच नये, तंबोरे जुळत असतात. तंबोऱ्यांना गवसण्या चढल्या की मग जावं. “आज गायलात तो राग लिहून द्याल?” असं विचारलं की सहीचा रंग बदलतो. आज गायकांनी रागाचं नाव लिहून बंदिशीची पहिली ओळही लिहिली. अक्षर सुरेख, मोडी वळणाचं.

तबलजींकडे कोणीच गेलं नव्हतं. त्यांना पॅड दिला तर म्हणाले, “तिथी पण घालतो. मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया.” ताल, लय, तिथी, आणि कंसात ‘डग्गा जरा उतरला होता’. आजवरची सगळ्यात नेटकी नोंद, आणि तीही सही करणाऱ्याच्याच हातची.

७ डिसेंबर, रविवार

वहीच्या शेवटच्या पानात एक फिल्मस्टारचं पोस्टकार्ड खोचलेलं आहे, पन्नासच्या दशकातलं, झोकदार सहीसकट. मला आल्यापासून शंका होती. भिंगाखाली पाहिलं: शाईचा एक थेंब कुठे जाड नाही, रेघ रेघेवरून गेली तिथे गडदपणा नाही, मागून बोट फिरवलं तर दाब नाही. फोटोबरोबरच छापलेली सही. त्या काळी चाहत्यांच्या पत्रांना अशी कार्डं उत्तर म्हणून जायची. आता यंत्रानं खरं पेन धरून सही करतात. तिथे भिंग कामाचं नाही, दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरायच्या. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत, जुळल्या तर यंत्र.

आबांना कसं सांगावं या विचारात दुपार गेली. शेवटी चहा देताना सांगितलं.

“अगं, मला माहीत आहे,” आबा म्हणाले. “ते पोस्टानं आलं होतं. म्हणून तर चिकटवलं नाही, नुसतं खोचलंय.”

२१ डिसेंबर, रविवार

जपणुकीचं काम. मऊ, वास मारणाऱ्या प्लॅस्टिकची पाकिटं (पीव्हीसी) सगळी परत केली. त्यातलं तेलकट द्रव्य शाई ओढून घेतं आणि काही वर्षांनी सही कागदावर कमी, प्लॅस्टिकवर जास्त उरते. त्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची, आणि मध्ये आम्लमुक्त कागद. आबांच्या वहीची शिवण सोडायची नाही. प्रदर्शनात ती दोनच पानांवर उघडी ठेवू, मद्रासचं पान आणि मुश्ताक अलींचं, आणि रोज पान बदलू म्हणजे एकाच सहीवर उजेड पडत राहणार नाही. खिडकीसमोरची भिंत वाचनालयानं दिली होती, ती नाकारली. ऊन म्हणजे शाईचा काळ. आतल्या मासिकांच्या कपाटाशेजारची जागा घेतली.

मुश्ताक अलींच्या पानाखाली चिठ्ठी लिहिली: जन्म इंदूर १९१४, निधन इंदूर २००५. १९३६मध्ये मँचेस्टरला ११२, परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय. आबांनी वाचून खाली लिहायला लावलं: ‘सही मागितली तेव्हा सायकलवरून उतरून केली.’ साल आठवेना, म्हणून साल लिहिलं नाही.

मांडणीची पद्धत ठरली. प्रत्येक सही दोन काचांच्या मध्ये उभी, म्हणजे मागची पेन्सिलीची नोंदही वाचता येईल. काचवाल्यानं दर ऐकवल्यावर समितीतल्या काकू म्हणाल्या, मागची बाजू टाइप करून खाली लावली तर स्वस्तात होईल. होईल. पण मी काचेवर अडून बसलेय, आणि वर्गणीची वही आजच फिरवली आहे.

२८ डिसेंबर, रविवार

काचेचे पैसे जमले, त्यात आबांचे पाच रुपये वेगळे, “वडिलांच्या वतीनं” असं सांगून दिलेले. पावती त्यांच्या वडिलांच्या नावानं फाडली.

राहिलेली कामं: मद्रासच्या पानावरच्या दोन सह्या अजून लागत नाहीत, त्यांचे मोठे फोटो काढून ठेवायचे. तबलजींना बोलावणं पाठवायचं. १८ जानेवारीला होळकर स्टेडियमवर भारत-न्यूझीलंड एकदिवसीय सामना आहे, भाचीला नवं स्कोअरबुक हवंय आणि गेटसाठी दोनच पेनं.